फ्लॅप सर्जरी आणि ‘दुसऱ्या दिवशी क्लिअर बोलणं’? नाही हो, असं नसतं

दुभंगलेल्या टाळूच्या मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय, की टाळू शिवूनही मूल नाकातून बोलत असेल तर घशाची फ्लॅप सर्जरी करून टाका, छोटंसं ऑपरेशन, रिस्क शून्य, दुसऱ्या दिवसापासून बोलणं क्लिअर, स्पीच थेरपी बंद. माझ्या लेकीची हीच सर्जरी झालीय आणि तिला खूप फायदा झाला, त्यामुळे मी विरोधात अजिबात नाही, पण या भरवशावर कोणी गेलं तर पहिल्याच रात्री हादरेल.

‘रिस्क शून्य’ म्हणे. अहो, घशाच्या मागच्या भिंतीचा पट्टा सोडवून तो मऊ टाळूला शिवतात, दोन्ही बाजूंना श्वासापुरती फट ठेवतात. म्हणजे बोलताना हवा नाकातून निसटू नये म्हणून तिची वाट मुद्दाम अरुंद केलेली असते, त्यात सूज आली की श्वास अडू शकतो, रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तर पहिले एक-दोन दिवस ऑक्सिजनवर बारीक लक्ष ठेवतात. आम्ही रात्रभर त्या मॉनिटरकडे बघत बसलो होतो. टॉन्सिल मोठे असतील तर बऱ्याचदा ते आधी काढावे लागतात. आणि ज्या मुलांना २२क्यू११ डिलीशन (२२व्या गुणसूत्राचा छोटासा तुकडा नसणं) आहे त्यांच्यात मेंदूकडे जाणारी कॅरोटिड रक्तवाहिनी कधीकधी घशाच्या मध्याकडे सरकलेली असते, अगदी पट्टा कापायच्या जागेच्या मागे, हे आधी तपासायलाच हवं!

‘घोरतंय म्हणजे फ्लॅप छान बसला’, हे तर सगळ्यात धोकादायक वाक्य. सूज असेपर्यंत घोरणं समजू शकतो, पण नंतरही झोपेत श्वास थांबत असेल, मूल दचकून उठत असेल, दिवसा पेंगत असेल तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो, स्लीप स्टडी करून घ्या. काहींचा फ्लॅप नंतर सैल करावा किंवा सोडवावा लागतो.

आता दुसऱ्या दिवशी क्लिअर बोलण्याचं. आधी लेक ‘बाबा’ म्हणायला जायची आणि ‘मामा’ ऐकू यायचं, कारण ब ला तोंडात हवेचा दाब लागतो आणि हवा नाकातून निसटायची. ऑपरेशननंतर काही आठवडे उलटंच, नाक चोंदल्यासारखं, ‘मामा’चं ‘बाबा’. सूज उतरायला वेळ लागतो हो. शिवाय क, ट घशातून झटका देऊन म्हणायची लागलेली सवय सर्जरीने जात नाही, ती थेरपीनेच सुटते, आमची थेरपी तर खरी तेव्हा सुरू झाली.

आणि सगळ्यांना फ्लॅपच लागतो असंही नाही. बोलताना नाकातून दुर्बीण घालून बघतात, मग कोणाची टाळूच पुन्हा दुरुस्त करतात, आणि फक्त स, श असे एक-दोनच आवाज नाकातून जात असतील तर नुसत्या थेरपीनेही भागू शकतं.

मेसेजच्या शेवटी ‘सोबत ॲडेनॉइडही (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात असणारी गाठ) काढून घ्या’ असं लिहिलंय ते तर कृपा करून मनाने करू नका, बऱ्याच मुलांची टाळू त्या ॲडेनॉइडलाच टेकून नाकाची वाट बंद करत असते, तो काढला की नाकातून बोलणं वाढूही शकतं.