‘गांजा नको, भांग चालते’वाल्या फॉरवर्डला उत्तर

महाशिवरात्र आली की धुळवडीपर्यंत तो मेसेज फिरतोच, जळगावचा ग्रुप असो नाहीतर शहाद्याचा. ज्याला आला नसेल त्याच्यासाठी थोडक्यात: गांजा ओढला की फुफ्फुस खराब होतं पण भांग पोटातून जाते म्हणून तिचा त्रास नाही, ती हळू चढते म्हणजे सौम्य असते, आयुर्वेदिक आहे, महादेवाचा प्रसाद आहे, कायद्यात बसते, सवय लागत नाही, आणि जास्त झालीच तर लिंबू नाहीतर तूप पाजा, उतरून जाते. खाली हात जोडलेले आणि ‘दहा जणांना पाठवा’. माझं मेडिकल आहे, धुळवडीच्या दुपारी अर्धं शटर उघडं ठेवावंच लागतं, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

धुराचं आधी घेतो, कारण तेवढं खरं आहे. गांजाच्या धुरात तंबाखूसारखाच टार असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि आपल्याकडे नुसता गांजा ओढतो कोण, तंबाखूत चोळून चिलमीत भरायचा आणि वर दम कोंडून धरायचा. रोजच्या माणसाला खोकला, कफ, दम लागणं हे ठरलेलं. भांगेत ते नाही, मान्य. पण नशा फुफ्फुसात होत नाही ना भो, डोक्यात होते, आणि डोक्यापर्यंत जायचा भांगेचा रस्ता जास्त बेभरवशाचा आहे. (‘धूर नको तर व्हेप, म्हणजे ई-सिगारेट’ म्हणणाऱ्यांनी मधेच उड्या मारू नये. ई-सिगारेटवर आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे आणि २०१९-२० मधे अमेरिकेत भेसळीच्या व्हेपनी फुफ्फुसं जाऊन ६८ माणसं मेली, त्यात बहुतेकांच्या व्हेपमधे टीएचसी, म्हणजे गांजा-भांगेतलं नशेचं द्रव्यच, होतं.)

आता ‘हळू चढते म्हणजे सौम्य’. सगळा घोळ इथेच आहे. ओढलेल्या गांजातलं टीएचसी फुफ्फुसातून सरळ रक्तात जातं, पाच-दहा मिनिटात कळतं, अर्ध्या तासात जोर गाठतं आणि दोन-चार तासात बरंचसं ओसरतं. म्हणजे ओढणाऱ्याला निदान कळतं तरी की बास झालं. प्यायलेली भांग आधी पोटात, मग आतड्यात, मग लिव्हरमधे जाते, आणि लिव्हर त्या टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी बनवतं जे मेंदूत सहज शिरतं आणि नशेला मूळच्यापेक्षा कमी नाही, जास्तच. चढायला अर्ध्या तासापासून दोन तास, जोर दोन ते चार तासांनी, आणि उतरायला सहा-आठ तास, कधी बारा. त्यात टीएचसी विरघळतं स्निग्धात, पाण्यात नाही, आणि आपली थंडाई म्हणजे म्हशीचं दूध, बदाम, खसखस, म्हणजे अंगात मुरायची सोय आपणच करून ठेवलेली. लांबच्या मळ्यात पाइपलाइनचं पाणी पोचायला वेळ लागतो म्हणून कोणी दुसरी मोटर चालू करत नाही, पण भांगेचा दुसरा ग्लास मात्र हमखास उचलतात.

मागे एका धुळवडीला तीन वाजता चार पोरांनी एकाला धरून आणलं, कानात अजून रंग. साडेअकराला एक ग्लास, काहीच झालं नाही म्हणून सव्वाबाराला दुसरा, दोनपर्यंत साहेब नाचत होते. आता ओठ कोरडेठाक, छाती हाताला लागेल अशी धडधडतेय, काउंटरची कड दोन्ही हातांनी गच्च धरलेली आणि एकच वाक्य, ‘मी मरी ऱ्हायनू भो, मी मरी ऱ्हायनू.’ सोबतचे मला ॲसिडिटीची गोळी मागतायत. मी रिक्षा बोलवून दवाखान्यात पाठवला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठीक झाला. पण हाच पोरगा त्यावेळी गच्चीवर असता तर? २०१४ मधे अमेरिकेत कोलोरॅडोत गांजा दुकानात कायदेशीर मिळायला लागला, तेव्हा एका १९ वर्षाच्या मुलाने गांजाच्या कुकीचा एक तुकडा खाल्ला, तासभरात काही वाटेना म्हणून उरलेली सगळी खाल्ली आणि नंतर चौथ्या मजल्यावरून उडी मारली. तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलचा अभ्यास २०१९ ला आला, टीएचसीच्या हिशोबात खायच्या मालाची विक्री जेमतेम ०.३ टक्का पण गांजामुळे इमर्जन्सीत आलेल्या केसेसमधे त्याचा वाटा जवळपास ११ टक्के. आणि तिकडे पाकिटावर मिलिग्रॅम छापलेले असतात बरं का. कॅनडात एका पाकिटात १० मिलिग्रॅमच्या वर टीएचसी चालत नाही. आपल्या पातेल्यात किती हे वाटणाऱ्यालाही माहीत नसतं, वरचा ग्लास पातळ आणि तळाचा गाळासकट. कोणी कोणी कडक व्हावी म्हणून धोतऱ्याचं बी टाकतात तो तर वेगळाच जीवघेणा प्रकार.

कायद्याचं. अर्धी माहिती इथे महागात पडेल. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, नुसतं पान त्यात येत नाही, म्हणून पानांची भांग त्या कायद्यातून सुटते हे बरोबर. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यात परवान्याशिवाय भांग बनवणं, बाळगणं, पिणं सगळं येतं. सरकारी परवान्याचं दुकान असतं ते सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशात. सेंधव्याकडून पुडी आणून शिरपुरात ‘हे तर लीगल आहे’ म्हणून सांगू नका, पोलिसांना तर नकोच.

आयुर्वेदिक आहे का, आहे. पण औषधांच्या नियमात शेड्यूल ई-१ म्हणून विषारी द्रव्यांची यादी आहे, त्यात धोतरा, बिब्बा यांच्या रांगेत भांगही आहे आणि अशा औषधावर वैद्यांच्या देखरेखीत घ्यावं असं छापावं लागतं. प्रसादाबद्दल मी बोलत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. महादेवाला धोतऱ्याचं फळही वाहतात, ते कोणी खात नाही एवढंच म्हणतो.

सवय लागत नाही हे चूक. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्व्हेत वर्षभरात भांग घेणारे सव्वादोन कोटींच्या आसपास, गांजा-चरसवाले १.३ कोटी, आणि सवय जडायचं प्रमाण गांजा-चरसवाल्यांत जास्त, हे प्रामाणिकपणे सांगतो. वर्षातून एकदा पिणाऱ्याला लागणार नाही. पण पानटपरीवरची भांगेची मुनक्का गोळी रोज जेवणाआधी लागणारे, नाही मिळाली की चिडचिड, झोप नाही, भूक नाही, असे लोक माझ्याच गल्लीत आहेत. अशांसाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, फुकट.

राहिलं लिंबू आणि तूप. भांगेवर उतारा म्हणून औषधच नाही, लिंबाने उतरत नाही, आणि तूप पाजणं तर उलटच कारण स्निग्धामुळे ती जास्त शोषली जाते. गुंगीतल्या माणसाला बोटं घालून ओकायला लावू नका, श्वासनलिकेत जातं. सावलीत कुशीवर झोपवा, एकजण जवळ बसा, गाडीची चावी काढून घ्या, वरून दारू देऊ नका. छातीत दुखतंय, झटके आले, हाक मारून उठत नाही, किंवा लहान पोराने चुकून ग्लास तोंडाला लावलाय, तर वाट न बघता १०८. बाळबुद्धीला ते नुसतं गोड दूध वाटतं आणि लहान मुलांचा श्वास मंदावू शकतो. अंग तापलंय, बुबुळं मोठी झालीत, काहीबाही बडबडतोय, तर धोतऱ्याचा संशय धरा, तेही १०८ चंच काम. आणि डॉक्टरांना काय घेतलं, किती वाजता, किती ग्लास हे खरं सांगा. लाजेपोटी ‘ऊन लागलं’ सांगतात, मग ते बिचारे उन्हाचीच ट्रीटमेंट करत बसतात.