परदेशस्थ विनोदी लेखकांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत राहून मराठीत विनोदी लेखन करू इच्छिणाऱ्या होतकरूंनी प्रथम हे ध्यानात घ्यावे की, जाताना सामानातून विनोदबुद्धी नेलीच पाहिजे असे नाही. देश सोडल्याचे साल तेवढे जपून न्यावे, कारण पुढची तीस वर्षे त्याच भांडवलावर काढायची आहेत. तुम्ही १९९४ साली विमानात बसला असाल, तर महाराष्ट्रही त्याच दिवशी जागच्या जागी थांबला असे समजावे. तुमच्या लेखातील नायक लोकल पकडायला व्ही.टी.वरच धावेल, त्या स्थानकाचे नाव १९९६ मध्ये बदलले आणि २०१७ मध्ये त्यात आणखी भर पडली, याची दखल त्याने घेण्याचे कारण नाही. सुट्टीत मायदेशी गेल्यावर शक्यतो घराबाहेर पडू नये. बाहेर मेट्रो दिसते, आणि मेट्रोत बसून आलेल्या माणसाला गहिवर पूर्वीसारखा साधत नाही.

विषयांची चिंता नसावी, ते ठरलेले आहेत: पहिला बर्फ, भांडी घासणे आणि भारतातून आलेले सासू-सासरे. यांत सासू-सासरे सर्वांत भरवशाचे, कारण पर्यटक व्हिसावर सहसा सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो आणि तेवढ्या अवधीत एक लेख आरामात निघतो. भांड्यांविषयी लिहिताना घरात डिशवॉशर असल्याचा उल्लेख टाळावा. (तो अनेक मराठी घरांत हाताने घासलेली भांडी निथळत ठेवण्यासाठीच वापरला जातो, पण इतके खरे लिहिण्याची आपल्याकडे पद्धत नाही.)

खरे सांगायचे तर, काय लिहावे यापेक्षा काय लिहू नये हे कळणे म्हणजेच या क्षेत्रातील प्रावीण्य होय. एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावरील माणसाची नोकरी गेली, तर दुसरा मालक शोधण्यास किंवा गाशा गुंडाळण्यास त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्केच येत असल्याने भारतीयांची रांग इतकी लांबते की, रांगेत उभे असताना झालेले मूल, जन्मानेच अमेरिकन असल्यामुळे, बापाच्या आधी तिथे मतदान करू शकेल. हा मजकूर मुळातच विनोदी आहे आणि म्हणूनच तो वर्ज्य समजावा. वाचकाला तुमच्याकडून खुसखुशीत काहीतरी हवे असते, आणि तुमचा पुण्यातला मेहुणा तुम्ही तिकडे मजेत आहात असे धरून चालला आहे. दोघांनाही उगाच दुखवू नये.

का. र. मित्र यांनी १९०९ साली आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढून जी परंपरा घातली, तीत शिरकाव करायचा तर लेख उन्हाळ्यातच धाडावा लागतो. तेव्हा अर्ध्या विजारीत हिरवळ कापून झाल्यावर, घाम पुसत, पहाटेच्या थंडीतील अभ्यंगस्नानाची आठवण लिहिण्याचा सराव ठेवावा. मानधन मागू नये. एच-१बीवाल्याला व्हिसा काढून देणाऱ्या मालकाखेरीज इतरांचे काम पैसे घेऊन करता येत नाही, त्यामुळे या निःस्पृहतेची तजवीज अमेरिकी सरकारने आधीच करून ठेवली आहे, आणि संपादकांना तर ती फारच आवडते.

पुढे नाव झाले की गावातल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत वाचनासाठी बोलावणे येते. ही दिवाळी पंचांगात असते त्या दिवशी नसून, शाळेचे सभागृह भाड्याने मिळेल त्या शनिवारी असते. तुमची वेळ जेवणाच्या लगेच आधीची असेल, म्हणून हशा आणि ताटांचा आवाज यांतला फरक ओळखण्याचा आग्रह धरू नये. मुलांचे मराठी हा तिथला हमखास टाळी घेणारा विषय. मात्र आपल्या मुलांना देवनागरी शिकवण्याच्या फंदात पडू नये, कारण तुमच्या निम्म्या लेखांत तीच विदूषक आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, म्हणजे तिकडच्या मराठी मंडळांच्या मध्यवर्ती संस्थेच्या, मराठी शाळांना लेखातून भरघोस पाठिंबा द्यावा आणि शाळेच्या वेळेलाच मुलांचा सॉकरचा सराव लावून टाकावा.