‘डोकं दुखलं म्हणजे नंबर चुकला’? थांबा, आधी ठिपका बघू

फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा : नवा चष्मा लावून डोकं दुखलं, गरगरलं, तर नंबर चुकलाय असं समजा. चष्मा ताबडतोब काढा, जुना लावा. पुढच्या वेळी नंबर थोडा कमीच मागून घ्या, म्हणजे वाढत नाही. ब्लू कट, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणारी काच घेतली असती तर हे झालंच नसतं. आणि रोज डोळ्यांचे व्यायाम केलेत तर चष्माच सुटेल. शेवटी जोडलेले हात.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसते. आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी मोबाइल पुढे धरून मला हे वाचायला लावतं. तेव्हा एकदाच सविस्तर.

‘डोकं दुखलं म्हणजे नंबर चुकला.’ चुकलेला असू शकतो. पण नंबर चोख असतानाही डोकं दुखतं. एक तर सवय नसते. मायनसच्या काचेतून सगळं जरा लहान दिसतं, प्लसच्या काचेतून मोठं. सिलिंडर (तिरकस नंबर) नव्याने आला किंवा त्याचा ॲक्सिस, म्हणजे कोन, बदलला की फरशी एका बाजूला कललेली वाटते, दाराची चौकट तिरकी दिसते. मेंदू हे जुळवून घेतो, सहसा काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत. प्रोग्रेसिव्हमध्ये, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेत असतं त्यात, जवळचा नंबर खाली असतो, म्हणून जिना उतरताना नुसती नजर खाली टाकली की पायरी पुसट होते. तिथे मानच खाली घालावी लागते.

दुसरं कारण फिटिंगचं. मागच्या पावसाळ्यात एक काकू आल्या, नवा चष्मा रुमालात गुंडाळून. दोन्ही डोळ्यांना मायनस सहा. “चार दिवस कपाळ ठणकतंय. नंबर चुकलाय तुमचा.” नंबर पुन्हा काढला, तोच आला. मग चष्मा लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवला, दोन्ही काचांच्या मध्यबिंदूवर शाईचा ठिपका दिला आणि काकूंना घालायला सांगितला. ठिपका बाहुलीच्या बरोबर समोर यायला हवा. इथे दोन्ही ठिपके कानाकडे सरकलेले, चार-चार मिलिमीटर. चूक आमचीच होती : पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, ऑर्डरच्या कागदावर ६० ऐवजी ६८ गेलं होतं. हिशेब सोपा आहे. जितके सेंटिमीटर सरकलं, त्याला नंबराने गुणायचं. ०.४ गुणिले ६, म्हणजे प्रत्येक डोळ्यापुढे २.४ चा प्रिझम, समोरचं बाजूला सरकवून दाखवणारा. समोरचं एकच दिसावं म्हणून काकूंचे डोळे दिवसभर बाहेरच्या बाजूला ओढ घेत होते, आणि डोळ्यांना आत वळणं जितकं जमतं तितकं बाहेर वळणं जमत नाही. काचा बदलून दिल्या, अर्थात आमच्या खर्चाने. आमच्या धंद्यातलं लाडकं ‘सवय होईल हो’ म्हणून त्यांना परत पाठवलं असतं, तर त्या अजून कपाळाला बाम चोळत बसल्या असत्या.

नंबर आणि चष्मा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मेसेजच्या गावीही नाही.

‘काढा, जुना लावा.’ सवयीचाच प्रश्न असेल तर हा सल्ला नडतो. सकाळी नवा, दुपारी जुना असं केलं की मेंदूची रोज पहिल्यापासून सुरुवात. उठल्याबरोबर नवाच लावा; गाडी मात्र पहिले एक-दोन दिवस दुसऱ्या कुणाला चालवू द्या. त्रास रोज थोडा कमी होत असेल तर चालू द्या. कमी होत नसेल, वाढत असेल, किंवा एक डोळा झाकल्यावरच बरं वाटत असेल, तर परत जा, आणि जाताना नवा चष्मा, चिठ्ठी आणि जुना चष्मा तिन्ही न्या. जुना लोक हमखास घरी विसरतात. तो समोर नसेल तर नेमकं काय बदललं ते आम्ही कशावरून ओळखायचं?

‘नंबर कमी घ्या, वाढत नाही.’ याचा मला खरंच राग येतो, कारण हा प्रयोग घरोघरी मुलांवर होतो. मलेशियात ९४ मुलांना घेऊन तो रीतसर करून झालाय, निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. मुद्दाम कमी नंबर दिलेल्या मुलांचा मायनस थांबला तर नाहीच, पूर्ण नंबर दिलेल्यांपेक्षा जास्त वाढला. वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांबट होत जातो, त्याने मायनस वाढतो. चष्म्याने नव्हे. आता आमच्या बाजूची चूकही सांगते. डोळ्याचा ताण सैल करणारे थेंब न घालता नुसत्या कॉम्प्युटरवर मुलाचा नंबर काढला, की मशीनमध्ये बघताना मूल डोळा ताणतं आणि मायनस जास्त येऊ शकतो. तो चष्मा घालून अभ्यास केला तर डोकं दुखणारच. थेंब घालूनच तपासा, एखाद-दोन दिवस शाळा बुडाली तर बुडू दे.

ब्लू कट आम्हीही विकतो, तरी सांगते. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात १७ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. स्क्रीनमुळे डोळ्यांवर येणारा ताण या काचांनी कमी होतो असं काही त्यात हाती लागलं नाही. स्क्रीनपुढे आपल्या पापण्या कमी लवतात, डोळा कोरडा पडून चुरचुरतो; त्याला काचेचा रंग काय करणार?

आणि व्यायाम. चाळिशी लागते ती डोळ्यातलं भिंग ताठर झाल्यामुळे. डोळे गोल गोल फिरवून ते मऊ होत नाही.

मेसेजमध्ये शुगरचा उल्लेखही नाही. रक्तातली साखर खूप वाढलेली असताना नंबर काढला तर तो बहुधा मायनसकडे झुकतो, आणि औषधाने साखर उतरली की पुन्हा बदलतो. नुकताच मधुमेह कळलेल्या माणसाने घाईने चष्मा केला की थोड्याच दिवसांत तो ‘चुकीचा’ ठरतो. म्हणून मी आधी शुगर विचारते. “डोळे दाखवायला आलोय, रक्त नाही,” असं ऐकूनही घेते.

डोकेदुखीसोबत डोळा लाल झाला, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसली, उलट्या झाल्या. एकाएकी दोन-दोन दिसू लागलं. किंवा पन्नाशीनंतर कानशील दुखतंय आणि घास चावताना जबडाही दुखतोय, तर माझ्या काउंटरवर येऊ नका. चष्मा कालच केलेला असला तरी नाही. त्याच दिवशी डोळ्यांचं हॉस्पिटल गाठा.