राउंड कुणाचा?

आमच्या गावात स्क्रू पबमध्ये मिळतात.

गाव आयर्लंडच्या नैऋत्येला, केरी काउंटीत. ट्रॅलीहून डिंगलला निघालात की वाटेच्या आसपास कुठेतरी. चर्च एक, शाळा एक, पेट्रोल पंप एक, पब चार. त्यातल्या एका पबात डावीकडच्या काउंटरवर बिअरचे नळ आणि उजवीकडे खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे, उंदराचे सापळे. नव्या माणसाला याची गंमत वाटते, पण इथल्या खेड्यांत पूर्वी अशीच रीत होती. किराणा, लोखंडी सामान आणि दारू एकाच छपराखाली, एकाच घराण्याकडे, आणि त्या घराण्याचं आडनाव दारावर रंगवलेलं. डिंगलमधला ‘फॉक्सी जॉन्स’ अजूनही एका बाजूला हातोड्या विकतो आणि दुसऱ्या बाजूला बिअर. टिपेररीतल्या फेथर्ड गावचा ‘मॅकार्थीज’ पब तर अंत्यविधीची व्यवस्थाही बघतो. गिऱ्हाईक एकदा आत आलं की शेवटपर्यंत दुसरीकडे जायला नको.

तर देवघराची फळी भिंतीवर बसवायची होती आणि त्यासाठी मला चार स्क्रू हवे होते. शनिवारची दुपार. बायको म्हणाली, “पटकन घेऊन ये. मी तोवर भिंतीवर खुणा करते.”

पबात शिरलं की बसलेली सगळी मंडळी एकदम वळून बघतात, मान जेमतेम एक इंच हलवतात आणि पुन्हा आपापल्या ग्लासात बघायला लागतात. आपणही तेवढीच मान हलवायची. जास्त हलवली तर माणूस उतावळा, कमी हलवली तर शिष्ट. मी मान मोजून हलवली आणि उजव्या काउंटरपाशी उभा राहिलो. डावीकडे उभा राहिलो नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

“चार स्क्रू,” मी म्हटलं.

“कशाला?” मालक.

“फळी लावायचीय.”

“भिंत कुठली?”

मी घर सांगितलं. मालकाने खाली ठेवलेलं फडकं पुन्हा उचललं, म्हणजे विषय मोठा होता. त्या घराची मागची भिंत त्याच्या चुलत्याने बांधली होती. कोपऱ्यातले टोपीवाले आजोबा म्हणाले की चुलत्याने नव्हे, चुलत्याच्या मेव्हण्याने. तिसऱ्याच्या मते भिंत विटांची नव्हतीच, आतून पोकळ होती. ही चर्चा चालू असताना माझ्यासमोर कुणीतरी गिनीज या काळ्या बिअरचा एक पाइंट आणून ठेवला. कुणी, ते कळलं नाही. कळायला हवं होतं, कारण त्या क्षणी मी राउंडमध्ये सामील झालो होतो.

राउंडचा कायदा कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे त्यातून पळवाटही काढता येत नाही. चार जण बसले असतील तर एकाने उठून चौघांसाठी आणायचं. मग दुसऱ्याने चौघांसाठी. मग तिसऱ्याने. पाळी कुणाची हे कुणी बोलून दाखवत नाही आणि सगळ्यांना ठाऊक असतं. आपला ग्लास अर्धा असतानाच पुढचा येऊन ठेपतो, कारण वेग ठरतो तो सगळ्यात भरभर पिणाऱ्यावर. आणि आपली पाळी यायच्या आत उठून गेलेल्या माणसाचं नाव इथे कर्जबुडव्यापेक्षा जास्त काळ लक्षात ठेवतात. “अमक्याचा आजा एकदा राउंड न देता गेला होता” हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे, आणि तो आजा जाऊन बरीच वर्षं झाली आहेत.

हिशेब करून बघा. पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर. टेबलावर सहा जण, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सहा पाइंट, म्हणजे जवळजवळ साडेतीन लिटर. सांगलीला आमच्या अख्ख्या घराचा दुधाचा रतीब याहून कमी होता.

बरं, नको म्हणून भागत नाही. मी सांगलीकडचा, आग्रह म्हणजे काय हे मला शिकवायला नको. पंगतीत जिलबीवाला समोर आला की पानावर आडवा होऊन झोपणारे काका मी पाहिलेत. त्या अनुभवावर विसंबून मी ग्लासावर हात ठेवला. इथल्या वाढप्याने माझा हात तसाच राहू दिला आणि शेजारी दुसरा ग्लास ठेवला. पहिला नकार इथे शिष्टाचार म्हणून घेतात, दुसरा लाज म्हणून, आणि तिसऱ्या नकारानंतर काळजीने विचारतात, “तब्येत बरी आहे ना?”

बिनदारूची गिनीज मिळते, ती सुरू कर, असं बायकोने सुचवलं. केली. डोकं ठिकाणावर राहिलं, पण पोटाला दारू आणि बिनदारू यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त लिटर कळतात. शिवाय आता सगळं शुद्धीवर राहून ऐकावं लागतं.

त्यात गिनीज ओतण्याचा सोहळा. ग्लास पंचेचाळीस अंशांत तिरका धरायचा, पाऊण भरायचा आणि ठेवून द्यायचा. आत नायट्रोजनचे बुडबुडे तपकिरी ढगासारखे खाली-वर होत राहतात, हळूहळू काळं खाली आणि पांढरं वर होतं, मग उरलेला भरायचा. कंपनीच्या जाहिरातीप्रमाणे याला 119.5 सेकंद लागतात. त्या मधल्या वेळात ग्लासाकडे हात नेणं तर सोडाच, अधीर नजरेनेही बघायचं नसतं. आर्थर गिनीजने 1759 साली डब्लिनमधली जागा वर्षाला 45 पौंड भाड्याने घेतली, तो करार नऊ हजार वर्षांचा होता. अशा माणसाच्या मालाला घाई चालत नाही. गिनीज बुकसुद्धा याच कंपनीतून निघालं. कंपनीचे एक वरिष्ठ 1951 साली वेक्सफर्डमध्ये शिकारीला गेले होते, तिथे शिकारीच्या पक्ष्यांत युरोपातला सगळ्यात वेगवान कोणता यावरून वाद झाला. असे वाद पबांत रोज होत असणार, तर ते मिटवायला एक पुस्तक हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं. पुस्तक निघून सत्तर वर्षं झाली. आमच्या पबात अजून एकही वाद मिटलेला नाही.

भिंतीचा वाद चालूच होता. तेवढ्यात टोपीवाल्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला.

“तू इंडियातला. मग लिओच्या गावचा का?”

लिओ म्हणजे लिओ वराडकर. त्यांचे वडील सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. मुलगा 2017 साली आयर्लंडचा पंतप्रधान झाला, आणि त्या दिवसापासून या देशातल्या प्रत्येक मराठी माणसाची चौकशी वाढली. मी सांगितलं की मी सांगलीचा, मालवण कोकणात, मध्ये सह्याद्री आहे. ते मोघम ठेवून थांबलो असतो तर सुटलो असतो. पण खेड्यातली माणसं सहसा एका प्रश्नावर थांबत नाहीत.

“आणि बायकोचं माहेर?”

“कुडाळ.”

“ते कुठे?”

“म्हणजे... मालवणच्या शेजारी.”

पबात क्षणभर शांतता पसरली. मग मालकाने मान डोलावली, टोपीवाल्यांनी शेजाऱ्याला कोपराने ढोसलं आणि माझ्यासमोर आणखी एक पाइंट आला. संध्याकाळपर्यंत मी वराडकरांचा सासरकडून पाहुणा असल्याचं पेट्रोल पंपावरही माहीत झालं होतं. तेव्हापासून रस्त्यातले खड्डे, मेंढ्यांच्या अनुदानाचे फॉर्म, पोस्ट ऑफिसची वेळ, सगळ्या तक्रारी माझ्याकडे येतात. 2024 साली त्यांनी पद सोडलं हे मी आवर्जून सांगितलं. त्यावर एक बाई म्हणाल्या, “हो, पण फोन तर करता येईल ना?”

चार स्क्रू मला त्या दिवशी मिळाले. पण रविवारी प्रार्थना आटोपून टोपीवाले, मालक आणि आणखी एक गृहस्थ ड्रिल घेऊन घरी आले, भिंतीवर बोटांनी टकटक केली, ती पोकळ असल्याचा निकाल एकमताने दिला आणि हे स्क्रू चालणार नाहीत म्हणून सांगितलं. दुसरे अर्थातच पबात होते.

हिवाळ्यात गुरुवारी पत्ते असतात. खेळाचं नाव ‘फोर्टी-फाइव्ह’. मी मेंढीकोटात मुरलेला, त्यामुळे छाती काढून बसलो. तर इथे हुकमाची पंजी सगळ्यात मोठी. मग हुकमाचा गुलाम. मग बदामाचा एक्का, हुकूम कुठलाही असो. आणि हुकूम नसलेल्या रंगांत लाल पत्त्यांत दुर्रीपेक्षा दश्शी मोठी, काळ्या पत्त्यांत दश्शीपेक्षा दुर्री मोठी. मी विचारलं, हे असं का? भिडू म्हणून वाट्याला आलेल्या आजींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी सातवीच्या भूमितीच्या तासानंतर पाहिली नव्हती. “कारण ते तसं आहे,” त्या म्हणाल्या. आम्ही हरलो. पैज टर्कीची होती. मी शाकाहारी असल्याचं कळल्यावर त्या दुप्पट चिडल्या; म्हणजे जिंकलो असतो तर आख्खी टर्की त्यांना मिळाली असती.

शाकाहारावरून आठवलं. आमच्या पबात खायला दोन गोष्टी: चीज-कांद्याचे वेफर्स, आणि हॅम-चीजचं भाजलेलं सँडविच. मी हॅमशिवाय मागतो. मालक प्रत्येक वेळी हॅम उचलून बाजूला ठेवतो आणि पैसे तेवढेच घेतो. यावर मी सध्या काही बोलत नाही.

शुक्रवारी संगीत. फिडल, बासरी, काँसर्टिना, कधी काखेत भाता दाबून वाजवायचे पाइप्स. ऐकायला खरंच सुंदर. माझ्यासारख्या औरंगजेबालाही पाय हलवावासा वाटतो. पण कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीवर बसायचं नाही, ती फिडलवाल्याची आहे, भले तो डब्लिनला का गेला असेना. ताल धरून टाळ्या वाजवायच्या नाहीत. आणि मध्येच कुणीतरी डोळे मिटून साथीशिवाय गायला लागलं की श्वाससुद्धा जपून घ्यायचा. गाण्यात बहुतेक कुणीतरी अमेरिकेला गेलेलं असतं, नाहीतर बुडालेलं असतं, आणि कडवी पुष्कळ असतात. साडेतीन लिटर पोटात घेऊन ती कडवी ऐकणं हे वेगळं व्रत आहे.

निघायचं कसं, हा सगळ्यात अवघड भाग. “येतो मी” म्हटलं की संपलं. “आत्ताशी? बस की, वाटेपुरता एक घे.” वाटेपुरता म्हणजे आणखी एक पूर्ण राउंड. इथली मुरलेली माणसं निरोप घेतच नाहीत. उठतात आणि नाहीशी होतात. मला मार्ग दाखवला तो सरकारने. 29 मार्च 2004 रोजी आयर्लंडने पबमध्ये धूम्रपान बंद केलं, असा कायदा देशभर करणारा हा जगातला पहिला देश. त्यामुळे सिगारेट ओढायला बाहेर जाणाऱ्याला कुणी अडवत नाही. मी जन्मात सिगारेट ओढलेली नाही, पण गावाच्या मते मी दिवसाला एक पाकीट ओढतो आणि बायकोला माझी फार काळजी वाटते.

शेजारच्या अनस्कॉल गावात टॉम क्रीन नावाच्या माणसाचा पब आहे, ‘साउथ पोल इन’. क्रीन तीनदा अंटार्क्टिकाला गेला. 1912 साली सहकाऱ्याचा जीव वाचवण्यासाठी बर्फातून एकटाच 35 मैल चालला, 18 तास, खिशात तीन बिस्किटं आणि थोडं चॉकलेट. मग गावी येऊन त्याने पब काढला, आणि त्या मोहिमांबद्दल तो फारसं बोलला नाही म्हणतात. लोक याला त्याचा विनय समजतात. मी इथल्या पबांत बसलेलो आहे. त्याला मध्ये बोलायला मिळालं नसणार.

एवढं कुरकुरूनही खरं सांगायचं तर आमच्या चारांपैकी एका पबाला आता कुलूप आहे. 2005 पासून देशात दोन हजारांहून जास्त पब बंद पडले. गाडी चालवताना चालणाऱ्या मद्याची मर्यादा 2011 मध्ये खाली आणली, ते योग्यच झालं. पण डोंगरातला एकटा शेतकरी रात्री गावात यायचा बंद झाला. 2013 साली तर केरी काउंटी कौन्सिलने चक्क ठराव केला, की अशा लोकांना दोन-तीन ग्लास पिऊन हळूहळू घरी जायचा परवाना मिळावा. देशभर हसू झालं. आमचा मालक मिटायच्या वेळी स्वतः दोघा-तिघांना गाडीतून घरी सोडतो. टोपीवाले त्यातलेच. त्यांच्या घरी बोलायला फक्त कुत्रा आहे, आणि तो, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, राजकारणात कच्चा आहे.

मे महिन्यात सांगलीहून आई-बाबा आले. बाबा एसटीतून निवृत्त, दारूच्या थेंबालाही न शिवणारे. म्हटलं, पब तरी बघा. तिथे चहा मिळतो, किटलीभर आणि उत्तम. बाबा चहा पीत तासभर गप्प बसून निरीक्षण करत होते. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “अरे, ही तर बिलावरून मारामारी करणारी माणसं. आपलीच की.” आणि “हात धुऊन येतो” म्हणून उठले.

हात धुऊन येतो, याचा अर्थ मला कळायला हवा होता. सांगली-कोल्हापूरच्या कित्येक हॉटेलांच्या गल्ल्यावर बाबांनी याच वाक्याच्या आडून पाहुण्यांना गारद केलेलं आहे. टोपीवाले आपल्या पाळीला काउंटरवर गेले, तर मालकाने मान हलवली आणि बाबांकडे बोट दाखवलं. तो राउंडही दिला गेला होता आणि त्याच्या पुढचाही. आगाऊ. खाणाखुणांनी. टोपीवाल्यांनी टोपी काढली. टोपीखाली केस आहेत हे गावाला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खिडकीत दोन डझन अंडी. बाबा म्हणाले, “भांडं रिकामं परत द्यायचं नसतं,” आणि आईच्या चकल्या त्याच टोपलीतून गेल्या. संध्याकाळी पीटचं, म्हणजे जळणासाठी वाळवलेल्या दलदलीच्या मातीचं एक पोतं आलं. इकडून लिंबाचं लोणचं गेलं. तिकडून रुबार्बचा जॅम आणि एक जुनी सायकल आली. जाण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी स्वतःची कोल्हापुरी चप्पल, जेमतेम चार वेळा घातलेली, टोपीवाल्यांच्या पायात बसते का बघितली. बसली.

आई-बाबा परत गेले त्या आठवड्यात ट्रॅक्टर आला आणि आमच्या अंगणात अर्धी ट्रॉली पीट ओतून गेला. आमच्या भाड्याच्या घरात हीटर विजेचे आहेत, शेगडी नाही. मी बाबांना फोन केला. पलीकडून ते म्हणाले, “मग? आता राउंड आपला.” आणि आईला हाक मारून विचारलं, पुरणपोळ्या कुरियरने आयर्लंडपर्यंत टिकतील का.