ती सुगी नाही, सरवा आहे

फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रान्स्वा मिलेचं सरवा (कापणीनंतर शेतात पडलेलं धान्य) वेचणाऱ्या तीन बायकांचं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून छापलेलं चित्र, जोडून एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यातले दावे असे: एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच शेतकरी कर्जाविना सुखात होता, अख्खं घर हसतखेळत सुगी करायचं, आणि हा ठसा म्हणजे गाजलेल्या तैलचित्राची नुसती नक्कल.

सुगीपासून सुरुवात करू. पीक कापून झालंय. या तिघी खाली सांडलेल्या ओंब्या वेचताहेत. दोघी कंबरेत पार वाकलेल्या, तिसरी अर्धवट. शेत त्यांचं नाही, मागच्या गंज्याही त्यांच्या नाहीत. गरिबांना सरव्याची मुभा होती खरी, पण तीही मोजूनमापून: १८१०च्या दंडसंहितेप्रमाणे शेत पूर्ण रिकामं होण्याआधी, किंवा सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर वेचायला गेलं तर दंड. पॅरिसच्या सलों या मोठ्या चित्रप्रदर्शनात १८५७ साली याच विषयाचं तैलचित्र लागलं तेव्हा पॉल द सें-व्हिक्तोर या समीक्षकाला या बायका दारिद्र्याच्या तीन नियतिदेवता (ग्रीक-रोमन पुराणांत माणसाचं नशीब ठरवणाऱ्या) वाटल्या. राजाला हटवणारी १८४८ची क्रांती ताजी होती. त्या वाकलेल्या पाठींची पॅरिसला धास्तीच वाटली.

कर्जाचं तर बोलूच नका. तुकडाभर जमीन असलेलेही गहाणाखाली पिचत होते.

‘नक्कल’ म्हणणाऱ्यांनी सालं तरी बघावीत. एचिंग १८५५-५६चं, तैलचित्र त्यानंतरचं. मेणाचा थर दिलेल्या पत्र्यावर मिले स्वतः सुईनं रेघा ओढायचा, मग आम्ल त्या रेघा खोदायचं. त्याच सुमारास त्यानं जमीन खणणारे दोघेही असेच कोरले. त्यांचे चेहरे धड दिसतही नाहीत, दिसतं ते वाकणं.

घरगुती ऊब या ठशांमध्ये अजिबात नाही असं मात्र नाही. लोणी काढणाऱ्या बाईच्या पायाशी मांजर घोटाळतंय, तेही मिलेचंच. १८४९मध्ये त्याच्याबरोबर पॅरिसजवळच्या बार्बिझों या खेड्यात आलेला चित्रकार शार्ल झाक मेंढ्या-कोंबड्यांत रमणारा. पठ्ठ्यानं कोंबड्यांवर पुस्तकही लिहिलं. सुखी खेडंच हवं असेल तर त्याचे ठसे फॉरवर्ड करा.

आणि हे ठसे घ्यायचे शहरातले संग्राहक. खेड्यातल्या भिंतींवर एपिनाल या फ्रेंच गावात छापलेली स्वस्त रंगीत चित्रं असायची, संतांची आणि नेपोलियनची.