अंगणवाडीचा फोन आणि आमचा टॅब

"अंगणवाडी सेविकांना तंत्रज्ञान नकोच असतं." घरी फोन केला की हे हल्ली पुन्हा ऐकू येतं. निमित्त आहे पोषण ट्रॅकरचं, म्हणजे सेविका ज्यात नोंदी भरतात त्या केंद्र सरकारच्या ॲपचं. जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देण्याआधी लाभार्थीचा चेहरा फोनवर जुळवणं सक्तीचं झालं, आणि सेविका वैतागल्या.

ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी राज्यभर सरकारी मोबाइल परत केले, तेव्हाही हाच शेरा मारला गेला. तक्रार मात्र साधी होती: फोन निकृष्ट, आणि ॲप इंग्रजीत. मराठी नंतर आली. याच बायका बीटच्या, म्हणजे आसपासच्या काही अंगणवाड्यांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर बोलत असतात. लसीकरणाला नर्सबाई कधी येणार, कुठल्या गावात आहार पोचला नाही. तिथे विचारलं की उत्तर मिळतं, म्हणून त्या विचारतात.

मी जर्मनीत वृद्धांच्या निवासात परिचारिका आहे. आमच्या सगळ्या नोंदी टॅबवर होतात. दुपारपाळीत मी एका आजींबद्दल लिहिते, "डाव्या टाचेवर लाली, दाबून पाहिलं तरी जात नाही. जेवण अर्धंच." रात्रपाळीची सहकारी आल्या आल्या ते वाचते, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवते आणि पहाटे लाली किती उतरली ते लिहिते. दुसऱ्या दिवशी पाळीवर गेले की मी आधी तेच उघडते. मला ते बघायला कुणी सांगितलेलं नाही. आजींना जखम होऊ नये, एवढंच त्यामागे असतं.

मोकळेपणाने लिहिता येतं, त्याला कायद्याचाही आधार आहे. कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामावर नजर ठेवू शकेल अशी यंत्रणा आणायची तर मालकाला त्यांच्या निवडून आलेल्या मंडळाशी, बेट्रिब्सराटशी, आधी ठरवावं लागतं. हा नियम १९७२ च्या कायद्यात आहे. नोंदींच्या वेळा बघून कुणाचा वेग मोजायचा नाही, हे आमच्याकडे असंच ठरलं. इथे सगळं गोड आहे असं मुळीच नाही. नोंदींचं ओझं इथेही आहे, आणि कितीतरी दवाखाने अजून फॅक्स पाठवतात.

सेविकेने वजन-उंची भरली की मूल कोणत्या श्रेणीत बसतं ते पोषण ट्रॅकर सांगतो, ही सोय खरंच मोलाची आहे. पण मूल तीव्र कुपोषित निघालं, तर ती नोंद वाचून तिला फोन कोण करतं? चेहरा जुळला नाही, रेंज गेली, तर दारात उभ्या गरोदर बाईला ती काय सांगणार? सेविकांच्या संघटनांना बोलावून हे आधी ठरवा. आणि ॲपमध्ये भरलेलंच पुन्हा वहीत उतरवायला लावणं आजच बंद करा.