गडद निळा रंग म्हणजे जास्त तांबं नव्हे

मे संपत आला की तळकोकणात पोफळीच्या आगरांत एकच घाई सुरू होते. मृग लागण्याआधी शिंपुटांवर, म्हणजे सुपारीच्या घडांवर, बोर्डो मिश्रणाचा (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना यांच्या बुरशीनाशकाचा) पहिला हात फिरला पाहिजे. तो चुकला तर भर पावसात कोळेरोग येतो, कोवळी फळं सडतात, त्यांच्यावर पांढरी बुरशी चढते आणि झाडाखाली फळांचा सडा पडतो. वर्षाचं उत्पन्न डोळ्यांदेखत मातीत जातं.

नेमका ह्याच दिवसांत एक संदेश मोबाइलवरून गावभर फिरतो. त्याचा सारांश असा: मोरचुदात चुना कालवत बसू नका, त्याऐवजी अमोनिया ओता. द्रावण गडद निळं होईल, म्हणजे ताकद चौपट झाली. नोझल तुंबणार नाही, पंपाचं पितळही चकचकीत होईल. मोरचूद नैसर्गिक आहे, कॉपर ऑक्सिक्लोराइडसारखं 'केमिकल' नव्हे, सेंद्रिय शेतीत चालतं, तेव्हा हात राखू नका. उरलंसुरलं पावसात मातीत मिसळून नाहीसं होतं. आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण रोज पितो, मग भ्यायचं कशाला?

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि आमचं स्वतःचं छोटं आगर आहे. गेल्या वर्षी शेजारचे एक काका अशीच बाटली घेऊन पडवीत आले. ती उन्हात धरून म्हणाले, "बाई, बघा तरी, रंग कसो इलो!" रंग खरोखर सुंदर होता, नीळ घातल्यासारखा. त्यांचं ते आठ-दहा लहान पोफळींवर मारूनही झालं होतं. चार दिवसांनी त्या झापांची टोकं भाजल्यासारखी तपकिरी झाली. त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी रंगाचं बघू, कारण बाकीचा संदेश त्याच्यावरच उभा आहे.

मोरचुदाचा खडा निळा दिसतो तो पाण्यामुळे. खडा तापवला की पाणी निघून जातं आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यावर थेंबभर पाणी टाका, निळा रंग परत येतो. पाण्यात विरघळलेल्या तांब्याच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू चिकटून असतात. असं तांबं साधारण ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वांत जास्त शोषतं. तो प्रकाश आपल्या डोळ्यांच्या कक्षेपलीकडे, तांबड्याच्याही पुढे आहे. दिसणाऱ्या उजेडातला फक्त तांबड्या कडेचा थोडा भाग जातो, म्हणून मोरचुदाचं पाणी फिकट आकाशी दिसतं.

त्यात अमोनिया थेंब थेंब घातला तर पहिल्यांदा फिकट निळा दुधी गाळ पडतो. अमोनिया घालतच राहिलं की तोच गाळ विरघळतो आणि एकदम गर्द निळं, नितळ द्रावण तयार होतं. अमोनियाचे चार रेणू पाण्याला बाजूला सारून तांब्याला एकाच पातळीत चहूबाजूंनी धरतात. वर-खाली पाणी राहतं, पण सैल. अमोनियाची पकड पाण्यापेक्षा घट्ट असते. त्यामुळे शोषण सरकून ६०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे ऐन नारिंगी पट्ट्यात येतं. शिवाय हे शोषण आधीपेक्षा काही पटींनी तीव्र असतं. नारिंगी उजेड जवळजवळ सगळा गिळला गेला की मागे गडद निळाच उरतो.

ह्या सगळ्यात तांब्याचा एक कणही वाढलेला नाही.

काकांसमोर मी हेच करून दाखवलं. लिटरला दहा ग्रॅम मोरचूद घेऊन द्रावण केलं आणि दोन ग्लासांत सारखं वाटलं. एकात अमोनिया घातला, तो गर्द झाला. दुसरा होता तसाच आकाशी. मग गर्द ग्लासात शाळेतल्या बाटलीतलं सौम्य गंधकाम्ल सावकाश सोडलं. आम्लाने अमोनिया काढून घेतला आणि रंग डोळ्यांसमोर फिका पडत गेला. थोडं पाणी वाढलं तेवढंच, दोन्ही ग्लासांतलं तांबं पहिल्यापासून सारखंच होतं. मोरचुदात वजनाने जेमतेम पाव हिस्सा तांबं असतं, म्हणजे लिटरला दहा ग्रॅम मोरचूद घातलं की तांबं अडीच ग्रॅम. अमोनिया घाला, चुना घाला, आणखी काही घाला, ते अडीचच राहणार.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. प्रयोगशाळेत अमोनियाच्या ह्याच निळाईवरून तांबं मोजतातही. पण तेव्हा प्रत्येक नमुन्यात अमोनिया सारखाच आणि भरपूर घातलेला असतो, म्हणून दोन रंगांची तुलना करता येते. एकात अमोनिया आणि एकात नाही, अशा दोन बाटल्या शेजारी ठेवून गडद कोणती हे बघण्याला मोजणं म्हणत नाहीत.

रंगाचा हा चकवा नवा नाही, आणि बोर्डोच्या जन्मकथेतही निळा रंग आहेच. १८८२ साली फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या मेदोक भागात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे द्राक्षमळ्यांतून हिंडत होते. केवडा रोगाने वेलींची पानं झडून गेली होती, पण रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्यागार होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून मळेवाल्यांनी त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. तो निळा रंग केवळ भीती घालण्यासाठी होता. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ युलिस गेयाँ यांच्या साथीने त्यावर काम केलं आणि १८८५ मध्ये मिश्रणाची कृती जाहीर केली. आपल्याकडे कोळेरोगावर बोर्डोचा पाया घातला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी.

अमोनियाची कल्पनासुद्धा तेव्हाचीच आहे. बोर्डोपाठोपाठ फ्रान्समध्येच मोरचूद आणि अमोनियाचं गर्द निळं द्रावण आलं. त्याला 'ओ सेलेस्त' म्हणत, म्हणजे आकाशाचं पाणी. अमेरिकेत बागाईतदार कॉपर कार्बोनेट अमोनियात विरघळवून मारत, कारण पिकत आलेल्या फळांवर चुन्याचे डाग पडत नसत. म्हणजे संदेशातली युक्ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, लोकांनी ती वापरून पाहिली आहे. ती मागे पडली आणि चुना टिकला. पानं भाजणं हे त्याचं एक मोठं कारण.

चुना नेमकं काय करतो, ते संदेश लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं नाही. बोर्डोतला चुना म्हणजे भेसळ किंवा नुसता चिकटवा नव्हे. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतलं की तांबं न विरघळणाऱ्या, अतिशय बारीक निळ्या साक्याच्या रूपात बसतं. हा साका फळावर पातळ थर होऊन सुकतो. मग पावसाचं पाणी, त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पानातून पाझरणारे पदार्थ ह्या थरातून कणाकणाने तांबं सोडत राहतात. बुरशीचा बीजाणू फळावर उतरून रुजू लागतो तेव्हा तेवढंसं तांबं त्याच्या विकरांमधल्या गंधकाला चिकटून त्याला मारायला पुरतं. झाडाच्या पेशींना त्यामानाने इजा होत नाही. बुरशी आत शिरल्यावर मात्र बोर्डोचा उपयोग नाही, म्हणून तर मृगाआधीची ती धावपळ.

अमोनियातलं तांबं पूर्ण विरघळलेलं असतं. ते फवारलं की सगळं एकदम पानावर मोकळं असतं आणि पानात शिरू शकतं. अमोनिया स्वतः दाहक आहेच. तो उडून जाऊ लागला की मागे तांब्याची फिकट पूड आणि अमोनियम सल्फेटचा खारटपणा उरतो. त्यात वळवाची सर आली तर चुन्याच्या थरासारखं धरून ठेवणारं काही नसल्यामुळे बरंचसं तांबं धुऊन जातं. एकाच वेळी पान भाजतं आणि संरक्षणही कमी मिळतं, अशी ही चौपट ताकद आहे.

तांबं आणि अमोनिया ह्या जोडीचा शेतीत उपयोगच नाही असं मात्र कोणी समजू नये. मोरचूद आणि अमोनियम कार्बोनेटचं 'चेशंट' मिश्रण इंग्लंडमध्ये रोपांची मर रोखायला वापरत असत. पण ते वाफ्यातल्या मातीत, भरपूर पातळ करून ओतत.

नोझल तुंबत नाही, हा मुद्दा खरा आहे. विरघळलेल्या द्रावणात गाळ कुठून येणार? पण तुंबण्यावर उपाय साधा आहे: चांगला कळीचा चुना विरवायचा, दुपदरी फडक्यातून गाळायचा आणि मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. शिळ्या बोर्डोचे कण मोठे होतात, तळाशी बसतात आणि फळावर धरत नाहीत.

पितळ चकचकीत होतं, तेही खरं. पण का होतं? अमोनिया आणि हवेतला ऑक्सिजन मिळून पितळातलं तांबंच विरघळवतात. पंपातून गळणारं निळं पाणी थोडं पंपाचंही असतं. ह्याहून वाईट म्हणजे ठोकून, दाबून, वाकवून घडवलेल्या पितळात ताण अडकलेला असतो आणि अमोनियाने तिथे बारीक चिरा जातात. ह्याचं प्रसिद्ध उदाहरण आपल्याच देशातलं आहे. ब्रिटिश फौजेच्या काडतुसांच्या पितळी नळ्या पावसाळ्यात नुसत्या ठेवल्या जागी तडकत. ही काडतुसं तबेल्यांत साठवलेली असत आणि घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत त्यांच्यावर काम करी. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये ह्याचा उलगडा केला. पोफळीच्या शेंड्यावर, कमरेला दोर बांधून बसलेल्या गड्याच्या हातातला जोड असा तडकला तर काय होईल, ह्याचा विचार संदेश पुढे ढकलणाऱ्याने करावा. त्या उंचीवर अमोनियाची वाफ डोळ्यांत जाणं हे आणखी वेगळं.

'नैसर्गिक' ह्या शब्दाबद्दल फार लिहीत नाही. मोरचूद कारखान्यात तयार होतं. सेंद्रिय शेतीत बोर्डोला परवानगी आहे, पण ती मर्यादेसह. युरोपीय संघात हेक्टरी ७ वर्षांत मिळून २८ किलो तांबं ही कमाल आहे, सेंद्रिय शेतकऱ्यालासुद्धा. आणि ज्या कॉपर ऑक्सिक्लोराइडला संदेशात 'केमिकल' म्हणून नावं ठेवली आहेत, ते लिटरला अडीच-तीन ग्रॅम घालतात आणि त्यात तांबं जास्तीत जास्त निम्मं. म्हणजे लिटरमागे दीड ग्रॅमच्या आत. एक टक्का बोर्डोत, म्हणजे लिटरला दहा ग्रॅम मोरचूद घातलेल्यात, अडीच ग्रॅम. बीजाणूला मारणारा तांब्याचा आयन दोन्हीकडे एकच आहे.

तांबं मातीत नाहीसं होत नाही. ते मूलद्रव्य आहे, त्याचं विघटन होऊन दुसरं काही बनत नाही. ते मातीच्या वरच्या थरात, कुजलेल्या पाल्याला धरून साठत जातं. फ्रान्समधल्या जुन्या द्राक्षमळ्यांच्या मातीत शतकभराच्या फवारण्यांचं तांबं आजही सापडतं. आपल्या आगरांतून पाट वाहतात आणि ते व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, मिळतात. मासे आणि गोगलगायी तांब्याने फार लवकर मरतात. पंप व्हाळात खंगाळायची सवय मी लहानपणापासून पाहते आहे, आमच्या घरीही होती.

राहिलं तांब्याच्या भांड्यातलं पाणी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅम आहे. फवारणीच्या बादलीत लिटरला २,५०० मिलिग्रॅम तांबं असतं, म्हणजे हजार पटींहून जास्त. ताक किंवा चिंचेचं सार बिनकल्हईच्या भांड्यात कळकतं म्हणून आपण ते टाकून देतो, आणि त्याच तांब्याच्या फवाऱ्याखाली माणूस तोंड उघडं ठेवून उभा राहतो. पोर्तुगालमध्ये वर्षानुवर्षं बोर्डो फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांचा आजार १९६९ मध्येच नोंदवला गेला आहे.

ह्या वर्षी काकांनी शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना घेतला. दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत वेगवेगळं भिजवलं आणि मोरचूद चुन्यात ओतलं. मग घासून लख्ख केलेली कोयती मिश्रणात मिनिटभर धरली. बाहेर काढली तर पात्यावर तांबूस मुलामा चढला होता. मोकळं तांबं लोखंडावर असंच बसतं. त्यांनी आणखी दोन ओंजळी चुन्याची निवळी घातली, ढवळलं, पातं पुसून पुन्हा बुडवलं. ह्या वेळी ते स्वच्छ निघालं. मिश्रण फिकट, दुधी निळं होतं, आणि गडी तेच घेऊन झाडावर चढला.